भोपळे आणि तीळ

मापसाहेबांच्या घरी भाड्याने राहायला गेले तेव्हा माझी पुस्तकं आधी काट्यावर चढली आणि मग जिन्यावर. भोरच्या कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली होती. टेम्पोतून खोकी उतरत होती आणि साहेब अंगणात धान्याच्या गोदामात असतो तसला जुना काटा मांडून उभे होते. प्रत्येक खोकं काट्यावर ठेवायचं, काटा स्थिर होईपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं, मग हमालाने ते वर न्यायचं. शेवटचं खोकं गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"बाई, स्लॅबला चालेल. पण यापुढे कादंबऱ्या आणायच्या झाल्या तर आधी कळवत जा. कवितासंग्रहांना हरकत नाही."

मला वाटलं, विनोद केला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. पुढे त्या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण त्यांनी जाणूनबुजून केलेला विनोद मला आठवत नाही. ते जे करत ते सगळं गंभीरपणे करत. हसायचं काम त्यांनी बाकीच्या तालुक्याकडे सोपवलं होतं.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी हयात बाजारातून, रेशन दुकानांतून, पेट्रोल पंपांवरून फिरत दुसऱ्यांची मापं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, तीर्थयात्रा करतात, निदान सोसायटीच्या कामात लुडबुड तरी करतात. साहेबांना काही दिवस काहीच मिळालं नाही. दूधवाला त्यांच्या गल्लीत यायला घाबरू लागला, गॅसवाला सिलेंडर आपणहून काट्यावर ठेवून हात जोडून उभा राहू लागला. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मला म्हणाल्या होत्या, "पोह्यांत दाणे मोजतील की काय अशी वेळ आली होती. तेवढ्यात ती डबी आली घरात आणि मी सुटले."

ती डबी म्हणजे खिशात मावणारी हार्ड डिस्क. सेवापूर्तीच्या सत्काराचं चित्रीकरण ठेवायला म्हणून साहेबांनी ती घेतली. डब्यावर 'एक टीबी' असं लिहिलेलं. ती लॅपटॉपला जोडली तर लॅपटॉप म्हणे, नऊशे एकतीस जीबी.

दुसऱ्या कुणी ते पाहिलंही नसतं. साहेबांनी डिस्क काढली, पुन्हा जोडली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग काकूंना हाक मारली. त्या पीठ मळत होत्या, तशाच हाताने बाहेर आल्या.

"अगं, माप मारलंय."

कंपनीला पत्र गेलं. कंपनीचं उत्तरही आलं, आणि ते सभ्य होतं. त्यात समजावलं होतं की आम्ही हजाराच्या पटीने मोजतो, आपला संगणक एक हजार चोविसाच्या पटीने मोजतो, त्यामुळे आकडा कमी दिसतो, माल पुरेपूर आहे. साहेबांनी ते उत्तर मला वाचून दाखवलं आणि कागदाची घडी घालत म्हणाले, "म्हणजे विकायचा शेर वेगळा आणि मोजायचा शेर वेगळा. हेच उत्तर मला एका बाजारातल्या तेलवाल्याने दिलं होतं. त्याला निदान लाज वाटत होती."

तिथून पुढे त्यांना काम मिळालं. डब्यावर जागा खोटी लिहिली असेल, तर वेगही खोटाच लिहिला असणार. तो तपासायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता, अधिकार नव्हता. खात्यात असताना या तीनही गोष्टी होत्या, तेव्हा इतक्या उत्साहाने काम झालं नसावं.

त्यांची एक म्हण होती: "डब्यावर लिहिलेलं असतं ते व्यापाऱ्याचं मत."

तपासणीची त्यांची पद्धत त्यांच्या नोकरीतूनच आली होती. खात्यात वजनं तपासायला एक प्रमाण वजन असतं. पितळेचं, मखमलीच्या खाचेत बसवलेलं. बाकीची वजनं त्याच्याशी ताडून पाहायची. तर डिस्कांनाही प्रमाण हवं. साहेबांनी आपल्या त्या पहिल्या डिस्कवर एक फोल्डर तयार केलं आणि त्याला 'प्रमाण' असं नाव दिलं. आलेल्या प्रत्येक डिस्कवर तेच फोल्डर उतरवायचं, किती वेळ लागतो ते पाहायचं, परत वाचून घ्यायचं, पुन्हा पाहायचं. जोडायची वायरही नेहमी तीच. ती वायर मखमलीच्या खाचेत ठेवलेली असे. खाच पावशेराच्या वजनाची होती, त्यामुळे वायर वेटोळं करून कोंबावी लागे.

फोल्डरमध्ये दोन प्रकारचा माल होता. एक भोपळा आणि पुष्कळ तीळ. भोपळा म्हणजे एकच अगडबंब व्हिडिओ. तीळ म्हणजे जुन्या प्रमाणपत्रांचे बारीक बारीक फोटो, हजारोंनी. "भोपळा कुणीही उचलतं, बाई," ते सांगत. "एकदा मिठी मारली की झालं. तीळ वेचायला सांगा. तिथं खरी डिस्क कळते." आणि खरंच, भोपळा नेताना घोड्यासारखी धावणारी डिस्क तीळ आले की अशी काही रेंगाळे, की साहेबांच्या चेहऱ्यावर गुन्हेगार सापडल्याचं समाधान पसरे.

दुसरं निरीक्षण सुरुवातीच्या वेगाचं. काही डिस्का पहिली काही मिनिटं जोरात पळत आणि मग धापा टाकत. साहेब म्हणत, "हा पाहुण्यांसमोरचा वेग. पाहुणे गेल्यावरचा लिहून घ्यायचा."

"म्हणजे तुमच्यासारखंच," काकू आतून म्हणाल्या. "लग्नानंतर पहिले पंधरा दिवस भाजीसुद्धा चिरून द्यायचे."

साहेबांनी याचाही विचार केलेला दिसला. थोड्या वेळाने म्हणाले, "पण नंतरचा वेग स्थिर आहे की नाही?"

आता तो भोपळा कशाचा होता ते सांगायला हवं. मोठा, बदल न होणारा, एकसंध व्हिडिओ त्यांच्याकडे एकच होता. त्यांच्या सेवापूर्ती सत्काराचा. जिल्ह्याच्या कार्यालयातलं सभागृह, मागे फ्लेक्स, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, आणि बोलणारा प्रत्येक जण 'मी दोनच शब्द बोलणार आहे' असं म्हणून सुरू झालेला. चार तासांचा ऐवज. साहेबांना त्यात काय बोललं गेलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो माल होता. पण तपासणी झाल्यावर ते तो पुसू देत नसत. वजनांची जशी ठराविक काळाने फेरतपासणी होते तशी डिस्कांचीही व्हायला हवी. पुढच्या वर्षी डिस्क आणायची, तेच फोल्डर पुन्हा वाचून पाहायचं. वाटेत एखादा तीळ गळाला असेल तर कळेल. त्यामुळे ज्याची डिस्क साहेबांच्या हाताखालून गेली त्याच्या घरी साहेबांचा सत्कार कायमचा मुक्कामाला गेला.

"साहेब, माझ्या गिऱ्हाइकाचं लग्न पावणेतीन तासांचं आणि तुमचा सत्कार चार तासांचा," बाजारपेठेतला फोटोग्राफर कुरकुरला होता. "नवरी डिस्क उघडती आणि समोर तुम्ही. शाल पांघरून."

"पुसायचं नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या पाडव्याला घेऊन या."

आणि तो आणायचा. हे मला कधी कळलं नाही की लोक त्यांच्याकडे का येत. सुरुवात थट्टेतून झाली असणार. मोबाईलच्या दुकानदाराने कुणाला तरी सांगितलं, 'आधी मापसाहेबांना दाखव, मग पैसे दे.' मग पत्रिका दाखवावी तशा डिस्का दाखवायला यायला लागल्या. तपासणीत उतरलेल्या डिस्कच्या कव्हरवर साहेब लाल लाखेचा थेंब टाकत आणि तो गरम असताना त्यात सगळ्यात छोटं पितळी वजन उलटं दाबत. झाला शिक्का. फोटोग्राफरने लग्नाच्या दरपत्रकात एक ओळ घातली: 'शिक्क्याची डिस्क, जादा आकार.' तहसील कचेरीजवळच्या सेवा केंद्रवाल्याने शिक्क्याची बाजू काचेकडे करून डिस्क मांडून ठेवली. किकवीच्या एका लग्नाची फिल्म साहेबांच्या तपासणीत इतकी अडकली की ती मुलाच्या बारशाच्या फिल्मबरोबर एकाच डिस्कवर पोचली. घरच्यांनी तक्रार केली नाही. उलट म्हणाले, आमची पक्की तपासलेली आहे.

साहेबांनी स्वतःसाठी मात्र दुसरी डिस्क कधी घेतली नाही. बाजारात आलेली एकही त्यांच्या मनासारखी उतरली नव्हती. लोकांच्या डिस्कांना ते 'चालेल' या शेऱ्यावर शिक्का देत. स्वतःसाठी 'चालेल' चालत नव्हतं.

टेबलावरची तपासणी पुरी नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं तेव्हा घरात थोडा त्रास झाला. ते म्हणत, माल जिथं वापरला जाणार तिथं मोजायचा. म्हणून डिस्क तव्याजवळ ठेवून पाहिली. काकूंनी ती चिमट्याने उचलून बाहेर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "पिठल्याला वास लागतो." मग साहेबांनी एसटी निवडली. भोरहून वेल्ह्याला जाणारी गाडी, सगळ्यात मागची सीट, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर रुमालात गुंडाळलेली डिस्क आणि तिच्यात चाललेला सत्कार. मी एकदा त्या गाडीत होते, तोरण्याच्या पायथ्याच्या एका शाळेत कार्यक्रमाला निघाले होते. गाडी खड्ड्यात आपटली की साहेब दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून धरत नसत. ते तो आपटू देत. त्यासाठीच तर आले होते.

कंडक्टर जवळ येऊन बराच वेळ बघत राहिला.

"काय मोजताय, साहेब?"

"वेग."

"ह्या गाडीचा? त्यो मोजत बसू नका. आमीबी न्हाई मोजत."

पुढच्या सीटवरचा टोपीवाला म्हातारा मागे वळला. "मोजू द्या की. वेल्ह्यात पोचल्यावर समद्यांना सांगतील, किती उशीर झाला."

साहेबांनी मान वर केली नाही. तिळांचं काम चालू होतं.

पुढे एका पावसाळ्यात, उघडीप पडलेल्या सकाळी, किकवीचे एक प्राथमिक शिक्षक आले. हातात शिक्क्याची डिस्क. शाळेचे सगळे फोटो, मुलांच्या नाटकांचं चित्रीकरण, सगळं त्यात, आणि डिस्क उघडत नव्हती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि लाखेच्या थेंबावर बोट टेकवलं.

"तुमचा शिक्का होता, साहेब. मी दुसरीकडे कुठंच ठेवलं नाही."

साहेबांनी डिस्क हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "गुरुजी, शिक्का मापाचा होता. आयुष्याचा नव्हता."

"ते शिक्क्यावर लिहिलं नव्हतं."

गुरुजी गेले. संध्याकाळी साहेबांनी जिन्याखाली उभं राहून मला हाक मारून विचारलं, "बाई, लोकांना असं वाटतं का, की तपासलेली वस्तू मरत नाही?" मी म्हटलं, वाटत असावं. ते म्हणाले, "हे मी शिकवलं की त्यांचं त्यांनी धरलं?" मी आजही त्यावर विचार करते.

शोभाताई आल्या त्या याच्यानंतर. वेल्ह्याच्या पलीकडच्या एका वाडीत अंगणवाडी चालवणारी बाई, बरोबर म्हातारे वडील. वडिलांच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला मफलर. भोरची बाजारपेठ त्या दिवशी बंद होती आणि दुपारच्या त्या शुकशुकाटात ती दोघं घर विचारत विचारत आली होती. मी खाली काकूंकडे शेंगा सोलत बसले होते.

वडील गायन पार्टीचे म्होरके. जवानीपासून एप्रिलातल्या जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या गृहप्रवेशाला गावोगाव गायले. दोन्ही तालुक्यांत त्यांचा आवाज ओळखीचा. मग घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, आणि आवाज गेला. आता ते कुजबुजल्यासारखे बोलत, तेही कानाजवळ.

"कॅशेटी व्हत्या पोतंभर," शोभाताई म्हणाल्या. "आमच्याकडचा पाऊस म्हाईत हाय तुमाला. बुरशी आली. मग पुण्याच्या पुतण्यानं समदं ह्या डबीत भरलं. शूटिंग बी हाय थोडं. कॅशेटी टाकून दिल्या. आता बाबांचा आवाज म्हंजी एवढी डबी. कुठं न्हाई दुसरीकडं. म्हनून म्हनलं तपासून घ्यावी. शिक्का मारून द्या, साहेब. टिकली पायजे."

साहेबांनी मखमलीच्या खाचेतून वायर काढली. डिस्क जोडली. नेहमीप्रमाणे प्रमाण फोल्डर उघडायला हात गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी वाकून कान डिस्कजवळ नेला. आम्हा कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मग मलाही आलं. टक. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक, टक.

त्यांनी हात मागे घेतला. "ही मी तपासणार नाही."

शोभाताईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "न्हाई म्हंजी?"

"तपासणी होणार नाही. शिक्काही मिळणार नाही."

त्या हळू म्हणाल्या, "भोरातल्या समद्यांच्या बघताय. किकवीच्या बघताय. आमचीच न्हाई व्हय?"

त्या प्रश्नात त्या डिस्कपेक्षा पुष्कळ जुनं काही होतं. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हाताऱ्याने लेकीच्या दंडावर हात ठेवला, उठू या असा. साहेबांना कळायला वेळ लागला. माणसांच्या बाबतीत त्यांचा वेग तिळांचाच होता. पण कळलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला.

"ताई, बसा," ते म्हणाले. या घरात आलेल्या कुणाला त्यांनी ताई म्हटल्याचं मला आठवत नाही. "तपासायचं म्हणजे हिला पळवायचं. भोपळा उचलायला लावायचा, तीळ वेचायला लावायचे. आता पळवली तर ही वाटेतच बसेल. पुन्हा उठायची नाही. तपासून मी तुम्हाला फक्त एवढंच सांगू शकेन की कशाने गेली. आधी आतलं काढून घेऊ."

"मंग काढा की."

कुठे काढायचं हा प्रश्न होता. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. माझी डिस्क कॉलेजात कपाटात. दुकानं बंद. फळीवर तपासणीला आलेल्या चारदोन डिस्का होत्या, त्यांच्याकडे मी पाहिलं तर साहेब म्हणाले, "तो जप्त माल नाही, बाई. लोकांचा आहे." राहिली त्यांची स्वतःची, जुनी, आणि तिच्यात प्रमाण. जागा होती, पण दुसरा माल शेजारी आला की प्रमाण प्रमाण राहत नाही, म्हणून दुसरं काही ठेवायची त्या डिस्कला परवानगीच नव्हती.

"अहो, पुसा की ते," काकू म्हणाल्या. "सगळ्या भोरात पडलाय तुमचा सत्कार. कुणाकडूनही मागून आणता येईल."

"त्या प्रती आहेत. प्रमाण एकच असतं."

"अक्षर न् अक्षर तेच आहे."

"व्यापाऱ्याकडचं वजनही तेवढंच भरतं. म्हणून त्याच्यावरून प्रमाण ठरवत नाहीत."

हे बोलत असताना त्यांचा हात कामाला लागला होता. त्यांनी फोल्डर निवडलं. लॅपटॉपने विचारलं, कायमचं पुसायचं का. साहेबांनी तो प्रश्न पूर्ण वाचला. ते कुठलाही प्रश्न पूर्ण वाचत. मग 'हो' दाबलं. मखमलीच्या डबीचं झाकण लावलं, उगीचच.

गाणी उतरू लागली. पडद्यावर नेहमीची छोटी चौकट आली, वेग दाखवणारी. या चौकटीसमोर या माणसाने निवृत्तीनंतरचं आयुष्य घालवलं होतं. त्यांनी ती खाली ढकलून दिली. म्हणाले, "नको बघायला."

म्हातारे टेबलाशी सरकून बसले होते. त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. डिस्कची टकटक वाढत चालली होती आणि त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर तिच्याबरोबर चाललं होतं. मध्येच बोट थांबलं. ते लेकीच्या कानाशी काही बोलले.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"म्हनत्यात, ताल सोडाय लागलीया."

साहेब म्हाताऱ्याकडे वळले आणि एका जाणकाराने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "किती वेळ धरेल?"

म्हाताऱ्याने तळहात आडवा हलवला. सांगता येत नाही.

काकूंनी चहा केला, तो कुणी प्यायलं नाही. एखादं गाणं अडे, सगळे थांबत, ते सुटे, सगळे श्वास सोडत. मी शेंगांची टरफलं चुरत बसले होते. शेवटची काही गाणी राहिली असताना म्हाताऱ्याचं बोट उचललं गेलं आणि ते खाली आलंच नाही. डिस्क गप्प झाली होती.

साहेबांनी आलेल्यातलं एक गाणं लावलं. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून हार्मोनियम आली, ढोलकी आली, आणि मग त्या खोलीत एक असा खडा, मोकळा आवाज आला की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. ज्यांचा तो आवाज ते मफलर चाचपत बसले होते. गाणं संपल्यावर लेकीच्या कानाशी काही बोलले आणि ती हसली. "म्हनत्यात, पेटीवाला कायम पुढं पळायचा. आज बी पळतुया."

साहेबांनी आपली डिस्क काढली. तिच्या कव्हरवर त्यांच्याच हातचा, 'प्रमाण' म्हणून मारलेला सगळ्यात पहिला शिक्का होता. तो त्यांनी नखाने खरवडून काढला आणि डिस्क शोभाताईंना दिली.

"शिक्का का काढला?"

"तो जुन्या मालाचा होता. आता हिच्यावर विसंबू नका. उद्या दुकान उघडलं की दुसरीवर उतरवून घ्या. मग तिसरीवर. एक डिस्क पुण्याला पुतण्याकडे ठेवा. तपासत बसू नका."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'प्रमाण उपलब्ध नसल्याने तपासणी बंद.' गावाला वाटलं, साहेब रुसले. फोटोग्राफर स्वतः आला, म्हणाला, माझ्याकडे आहे की तुमचा सत्कार, चार ठिकाणी आहे, घेऊन येतो. साहेबांनी त्याला चहा दिला आणि नको म्हणाले. लोक डिस्का आणतच राहिले. साहेब त्यांना एकच सांगत, दोन ठिकाणी ठेवा. हे फार साधं वाटल्याने लोकांचा विश्वास बसत नसे. शिक्का बरा होता, असं म्हणत ते परत जात.

त्या दिवाळीनंतर साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी पुण्याला जाऊन सगळ्या तपासण्या करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी टेबलावर पितळी वजनाखाली राहिली. काकू चिडल्या, मी समजावलं, मुलीने परगावाहून फोनवर रडून पाहिलं. मी एकदा म्हटलं, "साहेब, तुम्ही जन्मभर लोकांना तपासून घ्यायला लावलं."

"हो," ते म्हणाले. "पण मला टकटक ऐकू येतेय, बाई."

मला राग आला होता. तपासणीने कदाचित काही वर्षं मिळाली असती, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. हा त्यांचा हट्ट होता, आणि मूर्खपणाचा होता. पण त्या थंडीत ते काय करत होते ते मी पाहिलं आहे. काकूंना रोज सकाळी शेजारी बसवून एकेक गोष्ट देत होते. बँकेचं काम कसं करायचं. पाण्याच्या मोटारीचं बटण कुठल्या बाजूला अडकतं. गॅसवाल्याशी किती बोलायचं. कुणाच्या लग्नाला जायलाच हवं आणि कुणाच्या टाळलं तरी चालेल. काकू वैतागून मला म्हणाल्या, "काय चाललंय यांचं? दिवसभर माझ्यात भरत बसतात."

एका दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीतच ते गेले.

भेटायला जो येई तो म्हणे, "साहेबांचा सत्कार आहे हो आमच्याकडं." फोटोग्राफर म्हणाला, सेवा केंद्रवाला म्हणाला, किकवीचे गुरुजीही म्हणाले, नव्या डिस्कवर त्यांनी तो दुसऱ्या कुणाकडून मागून घेतला होता. माझ्याकडेही होता. दोन तालुक्यांत इतक्या घरांत एका माणसाची इतकी स्तुती पडून होती आणि ती कुणी पाहिली नव्हती.

चौदाव्या दिवसानंतर शोभाताई आणि त्यांचे वडील आले. साहेबांची डिस्क परत करायला. गाणी आता तीन ठिकाणी होती, एक प्रत पुण्यात. "रिकामी कशी द्यायची," शोभाताई म्हणाल्या, "म्हनून वेल्ह्याच्या केंद्रातनं त्यांचंच घालून आनलंय. आन् बाबांची चार गाणी बी." म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांनी काकूंना दिली, पानसुपारी द्यावी तशी.

ती दोघं गेल्यावर काकूंनी मला डिस्क लावायला सांगितली. मखमलीच्या डबीतून वायर काढली आणि सत्कार लावला. फ्लेक्स, पांढरे अभ्रे, 'मी दोनच शब्द'. मधल्या खुर्चीत साहेब, खांद्यावर शाल, हातात नारळ. कुणी त्यांना सचोटीचा मेरुमणी म्हणत होतं, कुणी खात्याचा आधारस्तंभ. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी नारळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, किंचित वर-खाली केला, पुन्हा डाव्यात घेतला. मग मांडीवर ठेवला आणि समोर बघत बसले.

काकू पडद्याजवळ सरकल्या. "तो नारळ नासका निघाला. हातात घेतल्याबरोबर कळलं होतं त्यांना."

"कुणाला बोलले नाहीत?"

"तिथं नाही. सगळी भाषणं संपेपर्यंत धरून बसले. घरी आले, मी नारळ फोडायला घेतला, तेव्हा माझ्या हातातून काढून घेतला."

"काय म्हणाले?"

काकूंनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली. "म्हणाले, आधी जेवून घे."